पुळणीच्या जमिनीवर सांडपाण्याची सोय कशी करायची, विहीर सांभाळून

देवबाग-तारकर्लीसारख्या किनारपट्टीवर ज्यांची घरं आहेत, किंवा घरातल्याच दोन-तीन खोल्या पर्यटकांना देतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्याकडे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मधे अरुंद अशी पुळणीची, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूची पट्टी, त्यातच घरं, माड, विहिरी आणि संडासाच्या टाक्या. पाच-सहा फूट खणलं की गोडं पाणी लागतं ही आमची श्रीमंती, पण तेच पाणी पाच-सहा फुटांवर असल्यामुळे वर जे सांडतं ते थेट त्याच्यात जातं, आणि हे कळायला आम्हाला घरची बाव म्हणजे विहीर खराब व्हावी लागली.

झालं असं की आमचा जुना शोषखड्डा विहिरीपासून जेमतेम पंचवीस फुटांवर होता. वर्षानुवर्षं एकदाही तुंबला नाही म्हणून आम्ही समजायचो की काम एकदम मस्त झालंय. मग एका गणपतीत घरात वीस माणसं, सगळे चाकरमानी आलेले, पोरांची पोटं बिघडली आणि कोणीतरी एच टू एसची बाटली (पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर ती काळी होते) आणून विहिरीचं पाणी तपासलं तर दुसऱ्या दिवशी बाटली काळी. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की खड्डा तुंबत नाही म्हणजे पाणी साफ होतंय असं नाही, वाळू नुसती पाणी पिते, धूत नाही.

हे नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं याच्यावर आहे. वाळू मैलापाणी साफ करते ती कोरडी असेल तेव्हाच. कणांच्या मधे हवा असते, पाणी कणांच्या अंगावरून थेंब थेंब उतरतं, कणांवर बसलेले जिवाणू त्यातली घाण खातात, रोगजंतू अडकून मरतात. यासाठी खड्ड्याच्या तळापासून भूजलापर्यंत किमान दोन-तीन फूट तरी कोरडी वाळू पाहिजे. तळच पाण्यात बुडालेला असेल तर सगळं सरळ आडवं वाहत शेजारच्या विहिरीकडे जातं. आणि आमच्याकडे गंमत नाही, दुर्दैव म्हणा, घरात माणसं सगळ्यात जास्त गणपतीत आणि जमिनीतलं पाणी सगळ्यात वर तेही भाद्रपदातच. मे महिन्यात पर्यटक भरपूर असतात पण तेव्हा पाणी खाली गेलेलं असतं. म्हणून हिशोब मे महिन्याचा नाही करायचा, गणपतीचा करायचा.

नांदेड पॅटर्नचे शोषखड्डे बरेच जण मोबाईलवर बघून करतात. तिकडे त्या खड्ड्यांनी उघडी गटारं बंद झाली, डास कमी झाले, फार चांगलं काम आहे ते. पण ते न्हाणीच्या-मोरीच्या पाण्यासाठी आहे, आणि जिथे भूजल खोल आहे तिथलं आहे. तोच खड्डा पुळणीत खणला तर सप्टेंबरात तो खड्डा राहत नाही, दुसरी विहीरच होते. इथे खाली खणायचं नाही, वर चढवायचं: आधी पक्क्या तळाची टाकी, मग झाडं लावलेला खडीचा वाफा, शेवटी वाळू-मातीचा ओटा.

आधी मोजणी. श्रावण-भाद्रपदात, चार दिवस दणकून पाऊस झाल्यावर, विहिरीच्या काठाची उंची सोडून जमिनीपासून पाणी किती खाली आहे ते दोरीने मोजा आणि भिंतीवर तारखेसकट लिहून ठेवा. सेप्टिक टँकसाठी भारतीय मानक आहे, आय एस 2470, त्यात स्पष्ट आहे की भूजल जमिनीपासून 1.8 मीटरच्या आत म्हणजे सहा फुटांच्या आत येत असेल तर पाणी जिरवायची व्यवस्था पूर्ण किंवा काही अंशी जमिनीच्या वर, मातीचा उंचवटा करून त्यात करायची. आणि जिरवायची जागा पिण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर म्हणजे साठ फूट, राहत्या घरापासून 6 मीटर. आमच्या पट्टीत जवळपास सगळीच घरं या सहा फुटांच्या नियमात बसतात. साठ फूट मोजताना शेजाऱ्याची विहीरपण मोजायची बरं का, लोक फक्त आपलीच मोजतात.

मग पाणी वेगळं करा. पावसाचं पाणी कुठल्याच टाकीत जाता कामा नये. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, हजार चौरस फुटांच्या कौलांवरून म्हणजे पावणेतीन लाख लिटरच्या वर पाणी येतं, त्यातलं थोडं जरी टाकीत शिरलं तर आतला सगळा गाळ उचलून बाहेर काढेल. पागोळ्यांचं पाणी सरळ लांब काढा. संडासाचं टाकीत. न्हाणीचं पाणी टाकीत न नेता पुढे झाडांच्या वाफ्यात सोडता येतं, पण मधे जाळीचा चेंबर पाहिजे, केस आणि साबणाचा साका अडवायला. आणि स्वयंपाकघराचं पाणी, त्याबद्दल जरा जास्त बोलतो.

ज्यांच्याकडे पर्यटक जेवतात त्यांचं खरं दुखणं संडास नाही, तेल आहे. बांगडे-सुरमई तळल्यावर तव्यातलं तेल, मसाल्याचा तवंग, खोबऱ्याच्या वाटपाचा चोथा हे सगळं मोरीतून जातं आणि पाइपात गार होऊन मेणासारखं बसतं, पुढे वाफ्यातली खडी एका मोसमात चोंदवून टाकतं. म्हणून मोरीच्या बाहेर तेलाचा चेंबर करायचाच. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, आत दीड फूट पाणी उभं राहील असा, साधारण सव्वाशे लिटरचा. बाहेर जायचा पाइप टी (T आकाराचा जोड) लावून पाण्यात खाली बुडलेला ठेवायचा म्हणजे तेल वर तरंगत राहतं आणि खालचं पाणी पुढे जातं. सावलीत बांधा, तेल गार झालं तरच गोठतं. दर आठवड्याला वरचा थर काढून सुक्या पाल्यात किंवा भुशात मिसळून खतात टाकायचा, पर्यटकांचा मोसम असेल तर तीन दिवसांनी. आणि तव्यातलं तेल आधी कागदाने पुसून मग तवा धुवायचा, एवढ्यानेच निम्मं काम होतं, घरातल्या सगळ्यांना ही सवय लावा.

आता टाकी. उदाहरण घेतो, घरात कायमची सहा माणसं आणि गणपतीत वीस. माणशी 100 लिटर धरलं तर रोजचं 600 लिटर आणि गणपतीत 2000 लिटर. टाकीत एक पूर्ण दिवस पाणी थांबायला पाहिजे, वर तीन वर्षांचा गाळ साठायला सहाशे-सातशे लिटर जागा. म्हणजे तीन हजार लिटरची टाकी. आतून आठ फूट लांब, साडेतीन फूट रुंद, चार फूट पाणी आणि वर एक फूट मोकळं, यात साधारण 3100 लिटर बसतं. मधे भिंत घालून दोन कप्पे करा, पहिला मोठा, दोनतृतीयांश. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही पाइपांना टी लावा, बाहेर जाणारा दोन-तीन इंच खाली.

टाकीला तळ पाहिजे. हे वेगळं सांगावं लागतं कारण आमच्याकडे कितीतरी सेप्टिक टँक नावालाच टँक आहेत, खाली उघडी वाळू आणि बाजूला चिरा म्हणजे जांभा दगड. चिरा कितीही चांगला असला तरी सच्छिद्र दगड आहे, सांध्यातून तर पाणी जातंच. चिऱ्यात बांधायची असेल तर आतून-बाहेरून दोन्हीकडे वॉटरप्रूफचा गिलावा करून घ्या, नाहीतर सरळ काँक्रीटची करा. गवंड्याचे पैसे चुकते करायच्या आधी टाकी काठोकाठ भरा, पातळीला खूण करा, चोवीस तासांनी बघा. खाली गेली असेल तर गळते, परत गिलावा. गवंडी कंटाळतो, बोलतो काय गरज नाही, पण तुम्ही हटू नका.

खाऱ्या हवेचं आणि खाऱ्या पाण्याचं पण बघायला लागतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे 2.7 ग्रॅम सल्फेट असतं, त्यामुळे मे महिन्यात बोअरचं पाणी खारं झालं की टाकीत हवा नसल्याने त्याचा हायड्रोजन सल्फाइड वायू होतो, सडक्या अंड्याचा वास येतो आणि पाण्याच्या वरचं काँक्रीट, विशेष करून झाकणाची खालची बाजू, खाऊन टाकतो. सळया गंजून फुगतात, झाकण एक दिवस पायाखाली जातं. म्हणून स्लॅग सिमेंट किंवा पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) वापरा, सळईवर दोन इंच तरी काँक्रीट राहू दे, वाळू किनाऱ्यावरची अजिबात नको (ती उचलणंही बेकायदा आहे) आणि झाकण दर दोन वर्षांनी उचलून खालून बघा. लहान मुलं त्याच्यावर खेळतात.

तयार प्लास्टिकची किंवा फायबरची टाकी घेणाऱ्यांनी हे ऐका. जमिनीतलं पाणी वर आलं की रिकामी टाकी होडीसारखी तरंगते. 2000 लिटरची टाकी पूर्ण पाण्यात असली तर दोन टनांचा उचल बसतो, ती पाइप तोडून वर येते. तिला दाबायला खाली-बाजूला दीड घनमीटरच्या आसपास काँक्रीट लागतं आणि पट्ट्यांनी बांधून ठेवावी लागते. उपसायची तर एप्रिल-मे मध्येच, आणि उपसल्यावर लगेच निम्म्याच्या वर पाणी भरून ठेवायचं.

व्हेंट पाइप कौलांच्या वर न्या आणि तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा. टाकीतले डास तिथूनच बाहेर पडतात, दहा रुपयांचं काम आहे, कोणी करत नाही.

टाकीतून जे पाणी बाहेर येतं ते दिसायला थोडं स्वच्छ असतं पण निम्म्याहून जास्त घाण त्यात तशीच असते, रोगजंतू तर भरपूर. म्हणून पुढे खडीचा वाफा. आमच्या आज्या काय करायच्या, न्हाणीच्या मागे अळू आणि केळी लावायच्या, पाणी तिकडे सोडायच्या. तेच करायचं, फक्त खाली प्लास्टिकचा कागद घालून आणि हिशोबाने.

पंधरा फूट लांब, सात फूट रुंद, दोन फूट खडी. दोन ब्रास खडी लागेल. खाली-बाजूला शेततळ्याला वापरतात तो 500 मायक्रॉनचा कागद, त्याच्याखाली चाळलेल्या वाळूचा थर म्हणजे टोचणार नाही. पाणी येतं त्या टोकाला आणि जातं त्या टोकाला एक-दीड फूट मोठे दगड, मुठीएवढे, मधे पाऊण इंची काळी खडी. चिऱ्याची कपची घालू नका, ती विरघळून माती होते. खडी धुवून घ्या, भुकटी राहिली तर पहिल्याच महिन्यात चोंदेल. बाहेर जाणाऱ्या पाइपाला फिरता एल्बो लावा, तो वर-खाली करून पाण्याची पातळी ठरवता येते, पाणी नेहमी खडीच्या तीन इंच खाली राहिलं पाहिजे. वर पाणी दिसलं तर डास झालेच समजा.

एवढ्या वाफ्यात खडीच्या पोकळीत दोन हजार लिटर पाणी मावतं. म्हणजे एरवी पाणी तीन दिवस आत फिरतं आणि गणपतीत एक दिवस. एक दिवस कमीच आहे, पण दहा दिवसांपुरतं चालतं आणि पुढचा टप्पा आहेच. वाफ्याच्या कडा खडीच्या वर आठ इंच ठेवा, कारण एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला की वाफ्यातच हजार लिटर पडतं. अंगणातलं पाणी मात्र वाहून आत येता कामा नये.

झाडं कुठली? कर्दळ सगळ्यात सोपी, कंद लावा, तीन महिन्यांत दाट होते आणि फुलतेही छान. पण पाणी खारं होत असेल तर कर्दळीची पानं कडेने करपतात, मग पाणकणीस किंवा वाळा लावा, दोघांनाही थोडं मीठ सोसतं. अळू लावलात तर तो खायचा नाही, म्हणून मी म्हणतो लावूच नका, पाहुण्यांपैकी कोणीतरी फदफद्याला खुडून नेतंच. दीड फुटांवर एक एक रोप, पहिले दोन महिने पाणी खडीच्या अगदी जवळ ठेवा, मुळं धरली की हळूहळू खाली करा म्हणजे मुळं तळापर्यंत उतरतात.

पातळ्यांचं गणित आधी करा, हेच लोकांचं चुकतं. आमच्या घराचं जोतं अडीच फूट आहे म्हणून पंपाशिवाय जमलं. संडासाचा पाइप पन्नास फुटाला एक फूट उतार धरून टाकीत जमिनीच्या वर दीड फुटावर शिरतो, टाकीतून सव्वा फुटावर निघतो, वाफ्यात पाण्याची पातळी एक फूट वर, आणि पुढे ओट्यात पाऊण फुटावर. टाकी जमिनीच्या वर दोन फूट दिसते, बाजूने माती लावून झाडं लावली, आणि वर असल्यामुळे उधाणाचं किंवा पुराचं पाणी आत येत नाही हा फायदाच. जोतं कमी असेल तर वाफ्याच्या नंतर छोटा पंप बसवावा लागेल, संडासाच्या लगेच पुढे बसवू नका, सारखा अडकतो.

शेवटी ओटा. माडांच्या ओळीत, विहिरीपासून साठ फुटांच्या पलीकडे, वाळू-मातीचा तीस फूट लांब सहा फूट रुंद उंचवटा, त्यात भोकं पाडलेला पाइप, पाइपाभोवती खडी, वर नारळाची सोडणं पसरायची आणि माती. असे दोन ओटे करा, महिनाभर एक, महिनाभर दुसरा, दुसऱ्याला तोवर सुकू द्यायचं, गणपतीत दोन्ही चालू. जमिनीतलं पाणी तीन फुटांवर असेल तर पाइपाखाली साडेतीन फुटांच्या वर कोरडी वाळू मिळते, आपल्याला पाहिजे होतं तेवढं मिळालं. पाणी दीड-दोन फुटांवरच येत असेल तर ओटा दोन फूट अजून उंच आणि मग पंप लागणारच. मोठ्या माडाला उन्हाळ्यात दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी लागतं, म्हणजे रोजचं सहाशे लिटर बारा-पंधरा माड आरामात पितात. भाजीला हे पाणी नको.

जागाच नाही, पाच गुंठ्यांत तीन विहिरी, साठ फूट कुठून आणू, असं बरेच जण म्हणतात आणि ते खरंच आहे. तिथे एकेकट्याने करू नका, वाडीने करा. प्रत्येक घराची टाकी आपापली, पक्क्या तळाची, आणि टाकीतलं निवळलेलं पाणी तीन-चार इंची पाइपातून सगळ्यांचं एका ठिकाणी. गाळ टाकीतच राहतो म्हणून पाइप बारीक चालतो, उतार कमी चालतो. बारा घरांना वाफ्यासाठी एक गुंठ्याच्या थोडी वर जागा लागते, ओट्यांना वेगळी. जागा देणाऱ्याला पाणी त्याच्या माडांना मिळतं हे सांगा, लोक तयार होतात. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या 2020 ला सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला माणशी 280 रुपये धरले होते, 70 टक्के मिशनमधून आणि 30 टक्के वित्त आयोगाच्या निधीतून. हा पैसा न्हाणी-मोरीच्या पाण्यासाठी आहे, संडासाच्या टाकीसाठी नाही, पण ग्रामसभेत आराखडा घालायला सुरुवात तिथून होते. खाडीत नाहीतर समुद्रात पाइप सोडायचा विचार कोणी मांडला तर ठाम नाही म्हणा, सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात, प्रक्रिया न केलेलं पाणी सोडायला बंदी आहे आणि मालवणसमोर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तिथलीच मासळी आपण खातो.

देखभाल. वर्षातून एकदा, शक्यतो मार्चमध्ये, लांब काठीला पांढरं जुनं कापड गुंडाळून टाकीच्या तळापर्यंत घाला, मिनिटभर थांबून हळू काढा, काळा डाग किती उंच आला ते बघा. पाण्याच्या एकतृतीयांश झाला की उपसायची वेळ. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी सगळ्या घरांच्या टाक्या तीन वर्षांतून एकदा पाळीने उपसायची पद्धत घातली, आपल्या ग्रामपंचायतींनी एकत्र येऊन गाडी ठरवली तर इथेही होईल. गाडीवाला गाळ कुठे ओततो ते विचारा, रात्री खाडीच्या पुलावरून ओतणार असेल तर आपण काहीच केलं नाही.

टाकीत कोणालाही उतरवायचं नाही. कितीही ओळखीचा माणूस असू दे, कितीही तयार असू दे. आतल्या वायूने माणूस एका श्वासात पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. 2013 च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय तसं उतरवणं गुन्हा आहे. कायदा नसता तरी नाहीच.

संडासात ॲसिड, फिनेल, ब्लीचिंग बाटल्या भरून ओतू नका, टाकीतले जिवाणू मरतात. खोल्यांमध्ये झाकणाचा डबा ठेवा आणि पॅड-डायपर त्यातच टाकायची पाटी लावा. कर्दळ पावसाआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा गुडघ्यापर्यंत कापून माडांच्या बुंध्यात टाका.

आणि विहिरीचं पाणी वर्षातून तीनदा तपासा: पहिल्या मोठ्या पावसानंतर, गणपतीत पाचव्या दिवसाच्या आसपास, आणि मे महिन्यात. एच टू एसची बाटली ग्रामपंचायतीत किंवा आरोग्य केंद्रात मिळते, खुणेपर्यंत पाणी भरा, घरातच ठेवा, चोवीस ते अठ्ठेचाळीस तास. काळी झाली तर पाणी उकळून प्यायला लागा आणि आधी शेजाऱ्यांना सांगा, मग टाकी, पाइप, ओटा या क्रमाने गळती शोधा. नवीन बांधकाम केल्यावर लगेच विहीर साफ होत नाही, जुन्या खड्ड्याच्या आसपासची वाळू धुवून निघायला वेळ लागतो, आमच्या बाटलीचा रंग दुसऱ्या गणपतीला बदलला नाही तेव्हा कळलं. जुना शोषखड्डा मात्र तसाच बुजवू नका, आधी उपसून घ्या, मग चुना घालून वाळू भरा.